आत्याला शिट्टी

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला आपला भाचा नाही, याचा मला फार अभिमान होता. पलीकडच्या इमारतीत आग लागली त्याच आठवड्यात त्याने घरातल्या प्रत्येकाला काम वाटून दिलं. कागदपत्रांची पिशवी त्याची, औषधं आणि पाण्याच्या बाटल्या सूनबाईच्या, बोक्याची टोपली नातीकडे. दर रविवारी चौथ्या मजल्यावरून जिन्याने खाली उतरायची तालीम. लिफ्टला हात लावायचा नाही.

"आणि आत्याआजीला कोण नेणार?" नातीने विचारलं.

"मी नेणार, उचलून," भाचा म्हणाला. "पण तालमीत तिला कशाला त्रास? कंबरेला हिसका बसायचा. आत्या, तू शिट्टी वाजव. शिट्टी वाजली की आम्ही निघायचं."

कंबर मोडल्यापासून मी उंबरठा ओलांडलेला नाही. पलंग ते खिडकीजवळची खुर्ची, तेही कुणीतरी धरून. तरी मला ते काम आवडलं, खोटं कशाला बोलू? मी गाल फुगवून शिट्टी मारायची, ती तिघं धडाधडा पळायची आणि मी खिडकीतून त्यांना खाली पोचलेलं बघायचं. धापा टाकत वर आला की भाचा विचारायचा, "कसं झालं, आत्या?" मी म्हणायचे, "बोका फार दमलेला दिसतोय." सगळे हसायचे. बोक्याला टोपली होती आणि मला शिट्टी, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

हा भाचा मी वाढवलेला. त्याची आई गेली तेव्हा तो रांगत होता. शेजारणी म्हणायच्या, ही पोराला जमिनीवर पाय टेकू देत नाही. मी म्हणायचे, तुमच्या का पोटात दुखतंय?

परवा दुपारी जेवणं उरकत होती, तेवढ्यात खालच्या मीटरच्या खोलीतून धूर यायला लागला. जिन्यात कुणीतरी "आग, आग!" करून ओरडलं, आणि सवयीने मीच शिट्टी फुंकली. बघता बघता घर रिकामं. पिशवी गेली, बाटल्या गेल्या, टोपलीतला बोकाही गेला. इतकी छान तालीम याआधी कधी झाली नव्हती.

मी वाट पाहिली. म्हटलं, पिशवी खाली ठेवून येईल. दाराखालून धूर आत शिरू लागला. तोंडावर ओलं फडकं धरायचं, हे त्यानेच शिकवलेलं. पण पाणी स्वयंपाकघरात आणि मी खुर्चीत. खिडकीतून खाली पाहिलं तर तो उभा होता, पिशवी काखेत घट्ट धरून. मी हाक मारली, पण खोकल्याने आवाजच फुटेना. त्याने वर पाहिलं नाही. मला मरणाची भीती वाटली, आणि भीतीहून जास्त राग आला.

आग तशी किरकोळच निघाली. वॉचमनने वाळूच्या बादल्या ओतून विझवली. धूर ओसरल्यावर तिघं वर आली. सूनबाईने माझ्याकडे न बघता खिडक्या उघडायला घेतल्या. नात हुंदके देत होती. भाचा माझ्या पायाशी येऊन बसला.

"आत्या, दुसऱ्या मजल्यावर आठवलं मला," तो म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो, वळलोही होतो. पण वरून माणसं ढकलत येत होती, धूर वाढत होता... वाटलं, आता वर गेलो तर आपण दोघंही..."

लहानपणापासून हा खोटं बोलत नाही. ते वळण मीच लावलं आणि चारचौघांत त्याचा तोरा मिरवला. त्या क्षणी मात्र त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"विसरलो म्हण," मी म्हटलं.

"काय?"

"आठवलंच नाही, विसरलो, असं म्हण. मला याच घरात राहायचंय रे."

त्याने मान खाली घातली. खिडक्या उघडता उघडता सूनबाई थांबली.

"विसरलो, आत्या," तो म्हणाला.