रेगूरचं मूळगाव

पलूसच्या धैर्यशीलला चौतिसावं लागलं होतं आणि अकरा मुलींनी त्याला नाकारलं होतं. माणूस दिसायला वाईट नव्हता, पण बायोडाटात नुसती 'चार एकर काळी जमीन' होती आणि काळ्या जमिनीला हल्ली कोण विचारतं! मग माती तपासणीच्या कागदावर त्याला एक इंग्रजी शब्द सापडला. त्यानं लगेच बायोडाटा बदलला: 'चार एकर रेगूर'.

आठवड्यात तासगावचे पाहुणे घर बघायला हजर. मुलीचे वडील, मामा आप्पासो आणि स्वतः मुलगी, संयोगिता. "ट्रॅक्टर तुमी सोता चालवता?" तिनं हळूच विचारलं आणि धैर्यशील तिथंच विरघळला. झालं तर हिच्याशीच, नाहीतर नाही!

आप्पासोंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "रेगूर म्हंजी काय वो?"

"काळ्या मातीचं नाव. इंग्रजी हाय," धैर्यशील ऐटीत म्हणाला.

"इंग्रजीत कुठनं आलं? मूळगाव कंचं?"

धैर्यशीलनं मोबाइलवर शोधलं आणि त्याचा चेहराच पडला. "मूळ तेलुगू. तिकडं रेगडी म्हंत्यात. सायबांनी त्ये उचललं न् रेगूर केलं."



"म्हंजी नाव बदललंय," मुलीचे वडील म्हणाले. "कायतरी लपवायचं आसंल."

"आवं, मातीच हाय ती! साधी काळी माती!" धैर्यशीलचे वडील नाथाजी कळवळून म्हणाले.

"मग तसं का न्हाई लिवलं?"

शेवटी ठरलं, मुलाची चौकशी झाली, आता शब्दाची करायची. आप्पासो तेलंगणात जाऊन त्याचं घराणं बघून येणार, मगच होकार. नाथाजींनी वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या. धैर्यशीलनं आप्पासोंची बॅग उचलून त्यांना सांगली स्टेशनात गाडीत बसवलं.

पुढचे नऊ दिवस तो आप्पासोंची वाट बघत राहिला. शब्दाच्या खानदानात काही वावगं निघालं तर आपण काय करायचं, हे गावात कुणालाच सांगता येईना. तरी आशेवर त्यानं घराला रंग दिला.

दहाव्या दिवशी आप्पासो पेढ्यांचा पुडा घेऊन आले. धैर्यशील धावत जाऊन पाया पडला.

"शब्द अस्सल हाय गड्या," आप्पासो म्हणाले. "लय मोठं घरानं. जिकडं बघावं तिकडं रेगूर! मनातली शंका पार गेली."

"मग तारीख काडायची?" नाथाजींनी भिंतीवरचं कॅलेंडरच खाली उतरवलं.

"काडलीया की! तिथल्या एका पोराची चाळीस एकर हाय. मुळातली रेगूर. संयोगिताला फोटू धाडला, ती व्हय म्हनाली." आप्पासोंनी धैर्यशीलच्या हातावर पेढा ठेवला. "तुज्यामुळं एवढं चांगलं स्थळ गावलं. लग्नाला यायलाच पायजे."

धैर्यशीलला भडभडून आलं. पण वडीलधाऱ्या माणसानं दिलेला पेढा टाकायचा कसा? त्यानं तो खाल्ला.