एका आवाजातला राक्षस

चालू.

पाणचक्कीच्या तळाशी अंगभर खवले असलेला राक्षस राहतो. वर एक विधवा एकटीच दळण दळते. तो रोज निथळत तिच्या दाराशी येतो आणि म्हणतो, "तू एकटी, मी एकटा. दार उघड."

हा जर्मन सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बिश्केकमध्ये शिवणकामाला होते. व्हिडिओघरात तेव्हा परदेशी सिनेमे असेच यायचे. मूळ आवाज मागे पुटपुटत राहायचा आणि वरून एकच माणूस सगळ्यांचं बोलायचा. पोलिसाचं, पोराचं, बाईचंही. राक्षसाचं बोलताना त्याचा आवाज असा खाली उतरायचा की वसतिगृहात परतल्यावर मी दाराला कडी घालायची विसरायचे.

मागच्या हिवाळ्यात काराकोलच्या बाजारात तोच आवाज कुणाला तरी विचारत होता, जर्दाळू गोड आहेत का.

मागे.

तो एसेनकुल. त्याची बायको वारलेली, माझा नवरा वारलेला. आज दुपारी त्याची थोरली बहीण तुर्सुनाई एजे, एजे म्हणजे ताई, माझ्या कानात डूल घालायला येणार. डूल घातले की लग्न ठरलं. मग फिरता येत नाही.

म्हणून सकाळी लेकीला, मेएरिमला, त्या सिनेमाची जुनी कॅसेट लावून दाखवली. म्हटलं, घरात येणारा आवाज ऐकून घे. ती शाळेत जर्मन शिकवते. थोडा वेळ पाहिलं आणि तोंडाशी नेलेला तळलेल्या कणकेचा बोर्सोक तिने खाली ठेवला.

"आई, हा असं म्हणतच नाहीये."

"मग काय म्हणतोय?"

"भूक लागलीय. दर वेळी तेच. भूक लागलीय, दार उघड."

थांब.

आणि ती बाई? माझ्या आठवणीत ती गप्प होती. गप्प म्हणजे राजी, असंच मी धरून चालले होते. आज पाहिलं तर तिचे ओठ हलत होते. मेएरिमने टीव्हीला कान लावला.

"नको म्हणतेय. जा म्हणतेय. आता शेजाऱ्यांना हाका मारतेय."

पुन्हा मागे. पण कॅसेट नाही, मीच.

डॉक्टरांनी मला विचारलं, कुठे दुखतंय. सांगितलं एसेनकुलने. दुकानात मी शाल निवडत होते. हिला राखाडीच आवडते, असं तो म्हणाला. तेव्हा वाटलं, किती लक्ष आहे याचं. राखाडी मला कधीच आवडली नव्हती.

चालू.

दुपारी ते आले. एजे बसता बसताच म्हणाल्या, आमचा भाऊ घरात आला की रेडिओ विकून टाक. सगळे हसले. चहा झाला. मी कॅसेट लावली. एसेनकुल लाजला, सुखावलाही. मग मेएरिमने त्याला भुकेचं विचारलं.

त्याने काही लपवलं नाही. जर्मन कुणाला येत होतं तेव्हा? चेहरे बघून बोलायचं. तो राक्षस त्याला उपाशी दिसला नाही, एकटा दिसला.

एवढं तर मी माफ केलं असतं. आवडलंही असतं.

"आणि बाईचं?" मी विचारलं.

"दोघं एकदम बोलतात गं. माझं तोंड एक. एकाचं सोडावंच लागायचं."

"दर वेळी तिचंच?"

त्याने पेला तोंडाला लावला. उत्तर एजेंनी दिलं. लोक राक्षस बघायला यायचे, तिचं रडगाणं ऐकायला कोण बसणार?

आवाज बंद.

मी म्हटलं, तुम्ही त्याचं बोला, मी तिचं बोलते.

"तू एकटी, मी—"

"नको."

"—एकटा. दार—"

"नको म्हटलं ना."

तो थांबला. पडद्यावर राक्षसाचं तोंड हलतच होतं. एसेनकुल माझ्याकडे बघत राहिला. माझं ऐकायला थांबला, की पुढचं वाक्य विसरला? मला कळेना. ऐकायला थांबला असेल तर डूल घालून घ्यायचे, असं मी मनाशी म्हणत होते. खरंच म्हणत होते.

एजे हसल्या. दुसरं कुणी हसत नाही हे पाहून त्यांनी डबी उघडली, माझे केस कानामागे सारले आणि विचारलं, "घालू ना गं?"

"घाल," एसेनकुल म्हणाला. "तिची कुठे ना आहे?"

मी कानावर हात ठेवला.

"एजे, डबी बंद करा."