मेसुलामेचं रानडुक्कर

मेसुलामेने रानडुकराला मारलं ते रागाने आणि भट्टीत पुरलं ते भक्तीने. पावसाळाभर जपलेल्या कोनफळांच्या मळ्यात ते डुक्कर रोज रात्री पंगतीला यायचं. "माझी कोनफळं त्याच्या पोटात गेली, आता ते माझ्या पोटात गेलं पाहिजे," मेसुलामे साऱ्या डोंगराला सांगत फिरला. हंगामाचं पहिलं कोनफळ रीतीप्रमाणे चर्चमध्ये वाहिलं. उरलीसुरली कोनफळं, अळकुड्या आणि केळीच्या पानांत गुंडाळलेलं ते डुक्कर रविवारी पहाटे तापल्या दगडांवर ठेवून त्याने वर माती लोटली.

मग तो चर्चमध्ये गेला. नवे पाद्री नेमानी त्या दिवशी उपदेश गाऊनच करत होते. एक ओळ ते उचलायचे, बायका ती झेलून वर न्यायच्या. ईश्वराचा प्रसाद वाटून खावा, या ओळीला तर मेसुलामेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. त्यातलं थोडं भट्टीच्या आठवणीचंही असेल; देव ते वेगळं काढत बसत नाही.

बाहेर पडताना बायको लोसेना म्हणाली, "अहो, पाद्रीबाबांना मी जेवायला बोलावलंय."

"बरं केलंस! कुठले गं ते?"

"समुद्राकाठचे. कोळ्यांच्या घराण्यातले."

मेसुलामे पायरीवर मटकन बसला. डोंगरच्या माणसाने समुद्रच्या माणसासमोर डुक्कर खायचं नाही, समुद्रच्याने डोंगरच्यासमोर मासा खायचा नाही. वाडवडिलांचा नेम. मोडला तर घशात हाड अडकतं.

"आधी विचारायचंस तरी!"

"त्या ओळीला रडलात तेव्हा मला वाटलं, तुम्हीच बोलवायला सांगताय."

पाद्री रिकाम्या हातांनी आले नव्हते. स्वतः गळाने पकडून धुरावर धरलेली अखंड सुरमई त्यांनी यजमानापुढे ठेवली. झालं! चटईच्या एका अंगाला नेमानी डुक्कर खायला बसले, दुसऱ्या अंगाला मेसुलामे सुरमई. मधे अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवलेली. ती दोघांनाही चालत होती आणि दोघांनाही नको होती.

"चरबी कशी काय आहे, पाद्रीबाबा?" मेसुलामेने पाण्याचा घोट गिळून विचारलं.

"जिभेवर विरघळते हो, दादा. आणि सुरमई?"

"छान आहे."

"पोटाकडचा भाग घ्या ना. तो मला फार... म्हणजे लोकांना फार आवडतो."

"तुम्ही कानशिलाचं घ्या," मेसुलामे कसाबसा म्हणाला.

लोसेनाने पदार्थ पुन्हा वाढले. तिला नेम नव्हता अशातला भाग नाही, तीही डोंगरचीच. पण तिला सुरमई मनापासून आवडायची, म्हणून तिचं दुपारभर उत्तम चाललं होतं.

जेवण आटोपलं. पाद्री भिंतीला टेकले आणि घोरू लागले. मेसुलामे बायकोच्या कानाशी लागला.

"झोपलेला माणूस समोर असतो का गं?"

"देवाच्या समोर तुम्ही झोपलात, तर तुम्ही त्याच्यासमोर नसता का?"

"तो देव आहे. हे कोळी आहेत."

आणि तो दबक्या पावलांनी मागच्या स्वयंपाकाच्या झोपडीत शिरला. केळीचं पान उघडलं. वास छातीभर ओढून घेतला. बरगडीचा तुकडा ओठांशी नेला, तोच मागे काहीतरी वाजलं.

दारात नेमानी. घोरणं थांबलं होतं, ते त्याला कळलंच नव्हतं. पाद्रींची नजर मात्र बरगडीवर नव्हती. ती दाराशेजारच्या चुलीवर टांगलेल्या उरल्या सुरमईवर होती, आणि हात तिच्या शेपटीपर्यंत पोहोचलेला.

आता करायचं तरी काय! एकाने खाल्लं तर दुसऱ्याचा अपमान, दोघांनी टाकलं तर अन्नाचा.

"दादा," शेवटी नेमानी गंभीरपणे म्हणाले, "मला वाटतं, आपण मूक प्रार्थना करावी."

"आत्ता?"

"आत्ताच. डोळे घट्ट मिटून. ईश्वराशिवाय दुसरं कोणी समोर आहे, असं मनातही आणायचं नाही."

"मिटले, पाद्रीबाबा."

"मीही मिटले."

बाहेर भांडी घासणाऱ्या लोसेनाला आतून बराच वेळ शब्द ऐकू आला नाही. आपला नवरा एवढा वेळ देवाशी एकरूप होऊ शकतो, हे तिला लग्नानंतर प्रथमच कळत होतं. तिने घासणं थांबवून भक्तिभावाने हात जोडले.

बऱ्याच वेळाने आतून दोघांचं "आमेन" आलं, तेही भरल्या तोंडाने.