दुसऱ्या मतदारसंघातल्या फायली

“जाळून टाक,” फोनवर डेल रॅस्कर म्हणाला. “कायद्याने त्या फायली माझ्या आहेत.”

“त्यातली सदतीस कामं अजून अडलेली आहेत, डेल.”

“मतदारसंघच राहिला नाही, व्हर्ना. कामं कुठली?”

जनगणनेनंतर राज्याची अमेरिकी संसदेतली एक जागा गेली. नदीच्या पूर्वेचा पहिला आणि पश्चिमेचा दुसरा मतदारसंघ एक झाला. दोन खासदार, एक जागा. ‘मी लढणार,’ असं पश्चिमेच्या खासदाराने, रॅस्करने, जत्रेत सांगितलं होतं. त्याच्या ड्राय फोर्क गावातल्या कचेरीत एकोणीस वर्षं लोकांचे अर्ज सांभाळणाऱ्या व्हर्ना टॉलेफसनने त्या भरवशावर गावोगाव शब्द दिला, कचेरी हलणार नाही. मंगळवारी रेडिओवर बातमी आली. रॅस्कर लढणार नाही; मुदत संपताच वॉशिंग्टनला धान्य-कंपन्यांच्या संघटनेत जाणार. कचेरी महिनाअखेरीसच बंद.

व्हर्नाने काही जाळलं नाही. तिने सदतीस फोन केले, आपापली फाईल घेऊन जा.

शुक्रवारी पहिला आला ऑर्व्हिल हेगन. कोरियाच्या युद्धात थंडीने त्याच्या पायाची तीन बोटं गेली होती. अकरा वर्षं पेन्शन अडलेली.

“आता कुठे जाऊ म्हणतेस?”

“राज्याच्या राजधानीत. पूर्वेकडच्या खासदाराकडे.”

“अडीचशे मैल. उरलेल्या सात बोटांवर.” तो बसला नाही. “तूच म्हणालीस, डेल पळणार नाही.”

“म्हणाले.”

“तुला आधीच माहीत होतं ना?”

“रेडिओवर ऐकलं. तुझ्यासारखंच.”

त्याला ते पटलं नाही, हे तिला दिसलं.

“बरं, एक चिठ्ठी तरी दे. डेलच्या सहीची. तू करतेस की हुबेहूब, अख्ख्या गावाला माहितीये.”

तिने पत्र टाइप केलं. बोटं गोठल्याची तारीख, तीन डॉक्टरांचे दाखले, सात नकार. मग पेन उचललं आणि खाली लिहिलं, व्हर्ना टॉलेफसन. नावाखाली हुद्द्याची ओळ असते, ती कोरी ठेवली.

ऑर्व्हिलने वाचलं. “ही बाई कोण, विचारतील.”

“विचारू देत.”

त्याने पत्र फायलीत सरकवलं, फाईल कोटाच्या आत घेतली आणि वरपर्यंत बटणं लावली. जिन्यात उभी असलेली माणसं भिंतीला टेकून त्याला वाट देत होती. व्हर्ना दारात आली, तेव्हा कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने पुढचं नाव पुकारलं.