डेपोवरची हिरवळ

दिल्लीहून स्वच्छतेची पाहणी करायला माणूस येणार म्हटल्यावर नगरपरिषदेला आठवलं, की आपल्याला एक कचरा डेपोही आहे. गावाचं नाव मी सांगत नाही. प्रवरेकाठचं आहे, चारी बाजूंनी ऊस आहे, एवढं पुरे. वीस वर्षं गावाने नकोसं झालेलं सगळं त्या माळावर नेऊन ओतलं आणि पाठ फिरवली. त्याचा तीन पुरुष उंच ढिगारा झाला. मागच्या वर्षीच्या अहवालात मात्र तो ढिगारा शास्त्रोक्त पद्धतीने हटवल्याचं लिहिलं गेलं होतं, फोटोसकट. फोटो कुठल्या माळाचा होता, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आता माणूस डोळ्यांनी बघणार. तेव्हा नगरपरिषदेच्या साहेबांनी तोड काढली, की हटत नाही तर झाकू. जेसीबीने ढिगारा दाबून उतरता करायचा, वर मुरूम, मुरमावर काळी माती आणि मातीवर नर्सरीतून आणलेली हिरवळीची चादर. वर एक पाटी, ‘कचऱ्यातून नंदनवन’. मुदत चार दिवसांची. एवढ्यात आमच्याकडे कोथिंबीरही उगवत नाही.

भागूबाई या ढिगाऱ्यावर एकोणीस वर्षं कचरा निवडत होती. मूळची पाथर्डीकडची. ऊसतोडीला आली, कोयत्याने कंबर धरली, मग टोळी परत गेली आणि ती इथेच राहिली. प्लास्टिक वेगळं, काच वेगळी, लोखंड वेगळं. ओल्या कचऱ्याचे खड्डे आले तेव्हा खत वरखाली करायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. गावाचा निम्मा कचरा तिच्या हातून जिरला असेल, पण नगरपरिषदेच्या एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं. आता पुढच्या महिन्यापासून नवा ठेकेदार येणार होता, कुंपण घालून आणि फाटक लावून. ज्याच्या गळ्यात ओळखपत्र, तोच आत. यादी मुकादम मच्छिंद्र करत होता. भागूबाईला त्या यादीत नाव हवं होतं, स्वतःचं आणि ज्ञानेश्वरीचं.

ज्ञानेश्वरी तिच्या मयत बहिणीची पोर. नवऱ्याने टाकली तेव्हा भागूबाईनेच तिला इथे आणली, कडेवर लेक राजनंदिनी होती. आता ती पोरगी पहिलीत जात होती आणि भागूबाईला आजी म्हणत होती. फाटक बंद झालं तर तिघींनी जायचं कुठे?

ढिगारा आतून पेटलेला होता. पेटवला कोणी नव्हता, कचरा कुजता कुजता आपला आपण तापतो. उगवतीच्या कोपऱ्याला हिवाळ्यात सकाळी वाफ निघे. बाया तिथे तारेने भोक पाडून रताळी ढकलत आणि अर्ध्या तासात शिजलेली बाहेर काढत. मुरमाचा डंपर त्या कोपऱ्याकडे वळला तशी भागूबाई आडवी गेली.

“मुकादम, हितं माती नका टाकू. खाली इस्तू हाय. आमी रताळी भाजतो की.”

“रताळी भाजता व्हय? सांगू का सायबाला?” मच्छिंद्र हसला. “दोन टँकर पानी वततो वरून. मग इझंल का न्हाई?”

“वरचं इझंल. आतलं कुनी बघितलंय?”

“भागूबाई, यादी चार दिसांत जायची हाय. तोंड चालवायचं का नाव घालायचं, एक काय ते ठरव.”

भागूबाईने ठरवलं. ती बाजूला झाली आणि डंपर रिकामा झाला.

पाहणीच्या दिवशी सकाळी साहेब स्वतः आले. त्यांना हिरवळीवर पाईपने पाणी घालणारी बाई हवी होती, नव्या साडीतली, पाटीच्या शेजारी. पाटी नेमकी उगवतीच्या कोपऱ्यावर, कारण उजेड तिकडून चांगला येत होता.

“जमीन खचणार नाही ना?” साहेबांनी विचारलं.

“भागूबाईला इचारा,” मच्छिंद्र म्हणाला. “हिला डेपो तळपायाला कळतो.”

ते खरंच होतं. रोज सकाळी बाया अनवाणी पायाने ढिगारा चाचपत आणि जिथे चटका बसेल ती जागा सोडून निवडायला बसत. भागूबाईने चपला काढल्या आणि हिरवळीवरून चालून आली. पाय गारठले. दोन टँकर पाण्याने ते गारठणारच. वरची ओल खालचं काही सांगत नाही, हे तिच्याइतकं त्या माळावर कोणाला कळत नव्हतं. शिवाय पाटीच्या बुडाशी जळक्या रबराचा वास होता. बारीक होता, पण होता. साहेब घड्याळ बघत होते आणि मच्छिंद्र तिच्याकडे बघत होता.

“गार हाय सायेब,” ती म्हणाली.

“ज्ञानेश्वरीला उभी करा,” मच्छिंद्र म्हणाला. “फोटूत बरी दिसंल.”

 मी उभी राहते, एवढंच भागूबाईला म्हणायचं होतं.  पण तिने ज्ञानेश्वरीच्या नव्या साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि तिच्या हातात पाईप दिला.

“मावशे, खालनं तापतंय गं वाईच,” ज्ञानेश्वरी हळूच म्हणाली.

“नवी चप्पल हाय म्हनून वाटतंय. गप उभी ऱ्हा.”

दिल्लीचा माणूस म्हणजे एक कोवळा पोरगा निघाला, हातात टॅबलेट. हिरवळीचा फोटो घेतला, ज्ञानेश्वरीचा घेतला, छान छान म्हणाला आणि खतखड्डे पाहायला शेडमागे गेला. त्याच्यामागे साहेब गेले, साहेबांमागे बाकीचे. बाया आणि मच्छिंद्र तेवढे मागे राहिले. पाईपचं पाणी चालूच होतं. आत पोकळ झालेली माती तेवढ्याचीच वाट बघत होती. हिरवळ खाली बसली आणि ज्ञानेश्वरी कमरेपर्यंत आत गेली.

ती ओरडली. असं ओरडणं त्या माळावर कोणी ऐकलं नव्हतं. मच्छिंद्रला पहिल्यांदा काय सुचलं असेल? तो घंटागाडीकडे धावला आणि त्याने भोंगा लावला. रोज सकाळी गावभर वाजणारं स्वच्छतेचं गाणं मोठ्या आवाजात सुरू झालं. शेडमागे त्या पोराने कौतुकाने मान डोलावली म्हणे.

भागूबाईने आणि दुसऱ्या दोघींनी पाईप तिच्या काखेखालून घालून तिला ओढून काढलं. साडी पायांना चिकटली होती. ती सोडवायला गेलं की साडीबरोबर कातडी येत होती.

“गाडी बोलवा!” भागूबाई किंचाळली.

“दिल्लीचा सायेब गेल्याबिगर गाडी यायची न्हाई,” मच्छिंद्र म्हणाला. “हिला प्लास्टिकच्या गठ्ठ्याआड न्या. आन् तोंड धरा तिचं.”

तोंड भागूबाईने धरलं. पाऊण तास. तेवढ्यात हिरवळीच्या भोकावर पाटी आडवी टाकून झाली, चहा झाला, पाहुण्याला शाल-श्रीफळ देऊन झालं. मग टेम्पो आला. नगरला पोचायच्या आधीच ज्ञानेश्वरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जबाब घ्यायला हवालदार डेपोवर आला. त्याच्या आधी मच्छिंद्र येऊन बसला होता.

“कागदावर हितं एक बी बाई कामाला नव्हती. नव्हती म्हंजी नव्हती. मग ती आली कशाला? भंगार चोराया. तू तिला वळखत न्हाईस. तुझं नाव यादीत हाय, आजच गेलीया यादी.”

“आन् तिचं मयत?”

“बेवारस म्हनलं की सरकार लावतं इल्हेवाट. तू कशाला काळजी करती?”

भागूबाईला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. ती थुंकली नाही. शाळा सुटून आलेली राजनंदिनी तिच्या मांडीला टेकून बसली होती. आई नगरच्या दवाखान्यात आहे, एवढंच तिला सांगितलं होतं. हिला घेऊन फाटकाबाहेर कुठे जायचं, तोच एक विचार तिच्या डोक्यात फिरत होता.

हवालदाराने लिहिलेलं घडाघडा वाचून दाखवलं. सदर अनोळखी महिला भंगार चोरण्याच्या उद्देशाने आवारात शिरली असता पाय घसरून मयत झाली. मग त्याने मोबाईलवरचा फोटो पुढे धरला. मयताचाच होता, फक्त चेहऱ्याचा.

“हिला ओळखता का?”

“न्हाई,” भागूबाई म्हणाली.

राजनंदिनी मान पुढे काढून बघत होती. “आजे,” ती म्हणाली, “ही तर माझी आ...”

भागूबाईने एका हाताने पोरीचं तोंड गच्च दाबलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा हवालदारापुढे केला.