चौथा ओरखडा

सकाळी साडेनऊ वाजता बारकीने साच्यावरचा कागद उचलला, दिवा तिरका धरला आणि वाकून पाहिलं. उजव्या कडेपासून बोटभर आत, नखाएवढा एक ओरखडा. आठवड्यातला चौथा.

बारकी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. वय चौतीस, अंगाने चांगली भरलेली. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून पडलेलं नाव तिच्या मागोमाग कारखान्यातही आलं, कारण तिला इथे आणणारे आणि पॉलिशचं काम शिकवणारे तिचे सख्खे मामाच होते. ते हाक मारणार बारकी, मग बाकीचे कशाला वेगळं काही म्हणतील?

साचा मोटारीच्या छोट्या दिव्याचा होता. बशीएवढा पोलादी तुकडा, पण उचलताना मनगटाला कळायचं. त्यात प्लास्टिक ओतलं की दिव्याची पारदर्शक काच तयार व्हायची. साच्यावर केसाएवढी रेघ राहिली तर ती हजारो काचांवर उमटणार. म्हणून त्याचं तोंड नुसतं चकचकीत असून भागत नव्हतं, त्यात वरच्या दिव्याच्या तारेची वेटोळी मोजता आली पाहिजेत, असं मामांचं माप होतं.

आदल्या संध्याकाळी तिने ते तसं करून ठेवलं होतं. डोळ्यांत तेल घालून तपासलं होतं. आणि आज बारा वाजता गिऱ्हाइकाकडच्या तपासनीस बाई येणार होत्या.

मालकांनी कालच सुनावलं होतं. "तीन झाले. चौथा निघाला तर आतली खोली बंद. साचे बाहेर पाठवीन करायला, आणि तू जा लंब्याच्या शेजारी चाकावर." लंब्या म्हणजे बाहेरच्या खोलीत बफच्या चाकावर नळ आणि कड्या घासणारा कामगार. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या शेजारी बसायचं म्हणजे दिवसभर तोंडाला फडकं आणि कानात घरघर. अकरा वर्षं लागली होती बारकीला त्या चाकापासून आतल्या खोलीत यायला.

तिने कोणाला काही सांगितलं नाही. धुवायला पाण्याच्या दोन बादल्या आत घेतल्या, दाराला आतून कडी घातली आणि घड्याळ समोर ठेवलं.

ओरखडा तेवढाच घासून काढायचा, असं या कामात चालत नाही. तिथेच घासलं तर तिथे खळगा पडतो, आणि त्या जागी दिव्याची तार वाकडी दिसते. म्हणजे सगळं तोंड पुन्हा उतरवायचं. मागे जायचं, सहा नंबरच्या, जाड कणांच्या हिऱ्याच्या पेस्टपर्यंत. मग तीन, मग एक. प्रत्येक पेस्टची लाकडी काडी वेगळी, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याचा तुकडा वेगळा, डबी वेगळी. प्रत्येक वेळी साचा धुवायचा, स्वतः कोपरापर्यंत धुवायचं. सहाचा एक कण जरी एकच्या नमद्यात राहिला, तरी सगळं मुसळ केरात.

आणि घाई झाली म्हणून जोर लावायची सोय नाही. शेवटच्या पेस्टवर थोडं जास्त घासलं की पोलाद रुसतं. तोंडावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक फोड उठतात, आणि माणूस घाबरून आणखी घासतो, तसे ते आणखी उठतात. तिथे थांबता आलं पाहिजे. मामा म्हणायचे, घासायला कोणीही शिकतं, थांबायला मी दहा वर्षं शिकवतो.

पहिले आडवे हात. मग उभे. ती मोजत होती. साडेदहाला तिने धुऊन पाहिलं. ओरखडा पुसट झाला होता, पण होता. आणि पुसट झाला म्हणूनच त्याचा आकार नीट दिसला. तो वाकडा होता, चंद्रकोरीसारखा.

बारकीचा हात थांबला. तिचे हात सरळ जातात, आडवे नाही तर उभे. तिच्या काडीने कधी कोर निघणारच नाही. आधीचे तीनही तिने घाईने घासून टाकले होते, आकार बघायचं सुचलं नव्हतं. पण जागा आठवत होती. चारही उजव्या कडेलाच. साचा डाव्या हातावर घेऊन उजव्या हाताचा अंगठा फिरवला, की बरोबर तिथे येतो.

संध्याकाळी पाच वाजता, ती काडी धुवायला मोरीवर जाते तेव्हा, मागे खोलीत मामा असतात.

मामा? ज्यांनी या खोलीचा नियम केला ते? दाराशी उभं राहायचं, दोन्ही हात पुढे करायचे, उलटे-सुलटे. मामा गळ्यातल्या दोरीचं भिंग डोळ्याला लावून नखं बघणार, भेगा बघणार, आणि मग म्हणणार, "जा." अंगठी नको, बांगडी नको, आणि पॉलिश झालेल्या तोंडाला बोट तर नकोच. एकदा खुद्द मालकांना त्यांनी परत पाठवलं होतं. तेव्हापासून मालक आत यायचे नाहीत, दाराच्या काचेतूनच बोलायचे.

पण गेल्या आठवड्यापासून मामा दुपारी लंब्याच्या मदतीला चाकावर बसायचे. आत बसून मान धरते, म्हणायचे.

अकराला तीन नंबर संपला. काचेवर टकटक झाली. मालक.

"तयार आहे ना?"

"होतंय."

"कालच झालं होतं म्हणालीस."

"शेवटचा हात देतेय," बारकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. मालक घड्याळाकडे बघत निघून गेले.

एक नंबर. नवा नमदा, मोहरीएवढी पेस्ट. तिने पंखा बंद केला. हात इतका हलका की काडीचं वजन तेवढंच पडावं. घामाचा थेंब भुवईवर आला, तो तिने खांद्याला पुसला. पाऊण तास. कोर गेली. कडेला तोंड किंचित धुरकट दिसत होतं, आणखी दोन हात मारावेत असं बोटांना फार वाटत होतं. तिने काडी खाली ठेवली. स्पिरिटच्या कापसाने एकदाच, एकाच दिशेने पुसलं. धूर कापसाबरोबर गेला. आत दिव्याची तार उभी, सरळ, वेटोळी मोजून घ्यावीत अशी.

बारा वाजायला दहा कमी. तिने कडी काढली आणि दारात मामा होते.

"झालं? बघू जरा," म्हणत ते नेहमीसारखे आत यायला निघाले.

"मामा, हात दाखवा."

मामा हसले. "अगं, मी आहे."

"तुम्हीच आहात. हात दाखवा."

बाहेर लंब्याचं चाक थांबलं. मामांचं हसू गेलं. त्यांनी हात पुढे केले, आधी तळवे, मग पालथे. उजव्या अंगठ्याच्या भेगांत चाकाची करडी पूड भरून बसली होती.

"धुतलेत मी."

"भेगा धुतल्या जात नाहीत. तुम्हीच सांगता." तिने स्पिरिटचा बोळा त्यांच्या अंगठ्यावर दाबून फिरवला, आणि तोच बोळा सरावाच्या एका जुन्या चकचकीत पट्टीवर अंगठ्यासारखा वळवून ओढला. पट्टीवर चंद्रकोर उमटली. तिने पट्टी त्यांच्यापुढे धरली.

मामांनी भिंग लावलं, काढलं. "कुठे काय? काही नाही त्यात."

बारकीला त्यांचा संताप आला. आठवडाभर तिने शिव्या खाल्ल्या, आणि हा माणूस डोळ्यांदेखत नाही म्हणतो. "मामा, तुम्ही आत यायचं नाही," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. काचेपलीकडे ते तसेच उभे राहिले. लंब्या दुसरीकडे बघत होता.

तपासनीस बाई आल्या. हात दाखवायचा नियम त्यांना ठाऊक होता. मामा दाराशी नुसतेच उभे दिसले तेव्हा बाईंनी बारकीपुढेच हात धरले. मग दहा मिनिटं त्या साच्यावर वाकून होत्या. खोलीत घड्याळाचा तेवढा आवाज. बारकीला कडेचा धूर आठवत राहिला, संत्र्याची साल आठवत राहिली. शेवटी बाईंनी सही केली आणि "छान" एवढंच म्हणाल्या. मालक काचेतून मान हलवून त्यांच्याबरोबर गेले.

बारकी स्टुलावर बसली. राग एकदम ओसरला आणि वाईट वाटायला लागलं. ज्याने हातात काडी दिली त्याला आपण दारात अडवलं, तेही लंब्यासमोर. तिने साचा उचलला, दाराशी गेली आणि काचेला लावून धरला. नेहमीच्या सवयीने, चकचकीत तोंड आपल्याकडे ठेवून.

मामा पुढे वाकले. "वा," ते म्हणाले. "आरसा झालाय. माझी मिशीसुद्धा दिसतेय."

त्यांच्यासमोर साच्याची पाठ होती. मशीनच्या खरबरीत रेघा आणि ठोकलेला नंबर.

बारकीने साचा काचेपासून मागे घेतला आणि हातात फिरवला. ती तो का फिरवतेय, ते त्यांना हळूहळू कळत गेलं असावं. त्यांचा चेहरा उतरला.

"पाठ होती का?"

"हो."

तिने दार उघडलं. ती उंबऱ्याच्या आत, ते बाहेर.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. आधी उजवा डोळा गेला." त्यांनी अंगठा बोटांवर घासला. "याला कळतं अजून. रेघ राहिली तर याला कळते. तुझं काम नीट झालंय की नाही, एवढंच बघायचो गं. जाताना."

बारकीचे डोळे भरून आले. तिने ते कोपराला पुसले, हात चेहऱ्याला लावायचे नव्हते.

"मालकांना मी सांगतो," मामा म्हणाले. "ओरखडे माझे आहेत म्हणून." त्यांनी गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली. भिंग तिच्यापुढे धरलं, पण तिने हात पुढे करताच मागे घेतलं.

"असं आत नेऊ नकोस. आधी धुऊन घे."

तिने ते मोरीवर नेऊन धुतलं. बिजागरीतून काळं पाणी निघालं, म्हणून पुन्हा धुतलं, पुन्हा धुतलं. मग हात कोपरापर्यंत धुऊन ती परत आली. मामा अजून दाराशीच होते. ती त्यांच्यासमोर थांबली आणि दोन्ही हात पुढे केले, आधी तळवे, मग पालथे.

मामा वाकले. आधी दुरून, मग अगदी जवळून त्यांनी ते हात बघितले. त्यांना त्यात काय दिसलं कोण जाणे.

"जा," ते म्हणाले.