तांब्यावरचे ठिपके

गुरुदत्तभाऊजी गप्प बसले तर डॉक्टरला बोलवायचं, असं प्रभाच्या सासरी सगळेच म्हणत. प्रभाला आजवर ते गमतीचं वाटत आलं होतं, कारण लग्न झाल्याझाल्या ती जर्मनीत आली आणि मोठ्या दिरांशी तिचा संबंध यायचा तो दिवाळी-पाडव्याला, फोनवर. आता मात्र ते तीन आठवड्यांसाठी डार्मश्टाटला तिच्या घरी मुक्कामाला होते. वासंतीवहिनी लेकीच्या बाळंतपणाला लंडनला गेल्या होत्या, आणि लेकीने स्वच्छ सांगितलं होतं की बाळ आणि बाबा एका घरात नकोत, दोघांपैकी कोणीतरी एकच झोपेल. म्हणून मग बाबा इकडे.

पहिल्या आठवड्यातच प्रभाने हात टेकले. भाऊजी ब्रश करताना बोलत. ती फोनवर असली तर दाराशी उभे राहून खुणांनी बोलत. पण हे सगळं तिने सोसलं असतं. तिला खरा वैताग यायचा तो त्यांनी तिच्या नाण्यांचा विषय काढला की.

प्रभा शिक्षणाने धातुशास्त्रज्ञ, नोकरी एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, आणि वेड जुन्या अमेरिकन तांब्याच्या नाण्यांचं. अमेरिकेची टांकसाळ नवीन होती तेव्हाचे हे सेंट, जवळजवळ आपल्या जुन्या रुपयाएवढे मोठे. त्या काळी टांकसाळीला चांगलं तांबं मिळायची मारामार. जुनी भांडी, मोडीतला माल, हाती लागेल ते घेऊन नाणी पाडत. लोकांनी ती वापरून वापरून पार गुळगुळीत करून टाकली. पण काही थोडी कुठे पेटीत, कुठे कपाटाच्या तळाशी पडून राहिली आणि सव्वादोनशे वर्षांनंतरही अशी दिसतात की जणू कालच ठशाखालून निघाली. प्रभाला तेवढीच हवी असत. चेहऱ्यावर ओरखडा नको, डाग नको, कोणी घासून चमकवलेलं तर नकोच नको. तिच्याकडे नाणी मोजकीच होती, पण एकेका नाण्यासाठी ती वर्ष वर्ष थांबली होती.

"पण अमेरिकेची का?" भाऊजींनी आल्या दिवशीच विचारलं. "आपली शिवराई काय वाईट आहे? तांब्याचीच असते."

"वाईट नाही हो भाऊजी. मला ही आवडतात."

"माझ्याकडे आहे एक शिवराई. आजोबांची. तुला सांगतो, त्यावरची अक्षरं..."

त्यानंतर घरी जो पाहुणा आला, त्याच्यासमोर हा प्रश्न नव्याने निघाला. रेगेन्सबर्गहून प्रभाच्या नवऱ्याचा, कुमारचा, मित्र जेवायला आला, तर भाऊजींनी त्यालाही आपल्या बाजूला ओढलं. तोही म्हणाला, "वहिनी, खरंच, शिवराई का नाही?" प्रभा उठून पोळ्या करायला गेली.

दुसऱ्या आठवड्यात हेर, म्हणजे श्रीयुत, ओस्टरटाग यांचा फोन आला.

ओस्टरटाग म्हणजे ओडेनवाल्डच्या डोंगरात एका खेड्यात राहणारे ऐंशीच्या पुढचे गृहस्थ. दहाएक वर्षांपूर्वी फ्रँकफुर्टला नाणी जमवणाऱ्यांच्या एका मेळाव्यात प्रभाने त्यांचं १७९४ चं एक सेंटचं नाणं पाहिलं होतं. स्वातंत्र्यदेवीचे मोकळे केस, पाठीमागे काठीवरची टोपी, आणि केसांच्या खोबणीत टांकसाळीतला मूळचा लालसर रंग तसाच टिकलेला. गालावर तर काही म्हणजे काही नव्हतं. तिने तेव्हाच विचारलं होतं, आणि ते म्हणाले होते, "मी जिवंत आहे तोवर नाही." तरी ती दर नव्या वर्षाला फोन करून त्यांची चौकशी करायची. आणि आज त्यांचा आपणहून फोन! दुसऱ्या कोणाच्या हाती पडण्यापेक्षा तुम्हाला दिलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं होतं. भेट ठरली शनिवारी, दुपारी.

शनिवारी कुमारची शिफ्ट होती. तो उपग्रहांच्या नियंत्रण केंद्रात कामाला; तिथून सुट्टी मागणं त्या आठवड्यात शक्यच नव्हतं. "दादाला एकटं कसं ठेवणार?" तो म्हणाला. "मागच्या वेळी एकटा होता तर खालच्या आजींच्या घरी जाऊन बसला. त्यांनी हाउसफेरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाला, कळवलं."

"म्हणजे मी त्यांना बरोबर नेऊ? तिथे?"

"ने ना. बसेल गाडीत."

भाऊजी गाडीत बसून राहणारे नव्हते हे दोघांनाही माहीत होतं.

निघण्याआधी प्रभाने त्यांना समोर बसवून समजावलं. "भाऊजी, एकच विनंती. नाणं बाहेर काढलं की कोणी बोलायचं नाही. बोलताना तोंडातून बारीक थुंकी उडते, ती आपल्याला दिसत नाही. तांब्यावर पडली की काही महिन्यांनी तिथे काळा ठिपका उठतो, तो कायमचा. ओस्टरटाग त्या बाबतीत फार कडक आहेत. आणि मीही."

"अगं, मी तोंडच उघडणार नाही," भाऊजी म्हणाले, आणि ओडेनवाल्ड येईपर्यंत आपण वेळ पडली तर कसे तासन् तास गप्प बसतो याचे दाखले देत राहिले. वळणावळणाच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे प्रभा अडकली होती आणि तिला वाटत होतं, त्या ट्रॅक्टरवाल्याच्या शेजारी जाऊन बसावं.

ओस्टरटाग दारातच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. खिडकीजवळच्या टेबलावर काळं मखमली कापड अंथरलेलं, शेजारी भिंग, केकचा तुकडा आणि कॉफी दुसऱ्या टेबलावर लांब. प्रभाला बरं वाटलं. तिने हात धुतले, भाऊजींनाही धुवायला लावले. ओस्टरटाग पेटी आणायला वळले, आणि तेवढ्यात भाऊजींचं लक्ष खिडकीबाहेर गेलं.

"इज दॅट अ हँड पंप?"

बागेत एक जुना, ओतीव लोखंडाचा हातपंप उभा होता. ओस्टरटाग थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद उमटला, जो इतक्या वर्षांत फोनवर त्यांच्या आवाजात प्रभाला कधी जाणवला नव्हता. आपण आयुष्यभर पंपांचेच आराखडे केले, असं ते म्हणाले, आणि हे तिला त्या क्षणी पहिल्यांदाच कळलं. भाऊजींची सगळी नोकरी सांगलीकडे एका पंपांच्या कारखान्यात झाली होती, हे तर तिला गेल्या आठवड्यात अनेकदा कळलं होतं.

"आल्झो, चला तर मग!" ओस्टरटाग म्हणाले, आणि पेटी तशीच कपाटात ठेवून दोघं बागेत गेले.

प्रभा टेबलाशी बसली. कॉफी निवली. बाहेर दोन म्हातारे पंपाभोवती फिरत होते. एक मोडक्या इंग्रजीत बोलत होता, दुसरा इंग्रजी-मराठीत, आणि कोणाचं काही अडत नव्हतं. वासाच्या भीतीने प्रभाने सकाळपासून कांदा खाल्ला नव्हता, हातांना क्रीम लावलं नव्हतं. ती काचेवर टकटक करणार होती, पण यजमानाच्या घरी ते बरं दिसलं नसतं. तिने केक खाल्ला. मग भाऊजींचाही खाल्ला.

शेवटी दोघं आत आले, हात पुन्हा धुतले, आणि पेटी उघडली गेली. ओस्टरटागनी ओठांवर बोट ठेवलं. भाऊजींनी दोन्ही ओठ आत ओढून मान डोलावली. सुती पिशवीतून नाणं बाहेर आलं, प्रभाने ते कडेला धरून उजेडात तिरकं केलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

गालावर तीन ठिपके होते. टाचणीच्या टोकाएवढे, काळे. चौथा हनुवटीखाली.

तिने नाणं फिरवलं, पुन्हा पाहिलं. धूळ असेल म्हणून मऊ ब्रशने हळूच झटकलं. ठिपके जागचे हलले नाहीत. तिने नाणं मखमलीवर ठेवलं, तोंड बाजूला वळवलं आणि म्हणाली, "हेर ओस्टरटाग, हे डाग मी पाहिलं तेव्हा नव्हते."

"कसले डाग?"

"गालावर. तीन. आणि एक खाली."

"ते पहिल्यापासून आहेत."

"नाहीत. मला नीट आठवतंय."

म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला. भाऊजींना जर्मन कळत नव्हतं, पण टेबलावर काहीतरी बिनसलंय हे कळलं. त्यांनी इतका वेळ धरलेला दम सोडला आणि मराठीत विचारलं, "काय गं, डाग का? चिंच लावली की जातात."

प्रभाने डोळे मिटून घेतले. मग तिने ओस्टरटागना शक्य तितक्या मऊपणे सांगितलं की नाणं सुंदर आहे, पण तिच्या संग्रहात ती असं ठेवत नाही. ओस्टरटागनी नाणं पिशवीत घातलं, पिशवी पेटीत घातली, आणि भाऊजींना कोट चढवायला मदत केली. प्रभाने तिचा कोट आपला आपणच घातला.

गाडीत ती फुटलीच. "दहा वर्षं थांबले मी भाऊजी! तुम्ही पंप बघत बसलात, तो माणूस तिथेच खुशीत आला, आणि मग मी डाग म्हटल्यावर जास्तच लागलं त्याला. आणि चिंच! चिंच काय!"

"अगं पण डाग मी नाही पाडले."

"नाही पाडलेत. पण एक दुपार, एक दुपार गप्प बसला असता तर काय झालं असतं?"

भाऊजी गप्प झाले. गाव मागे पडलं, झाडी संपली, हमरस्ता लागला, तरी गप्प. प्रभाला आधी हायसं वाटलं, मग चुकल्यासारखं, मग काळजी. शेवटी तिनेच विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"वाटतंय," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तो बोलला मला बागेत. बायको गेली त्याची चार वर्षांपूर्वी. शेजारी कोणी येत नाही. संध्याकाळी ती नाणी काढून टेबलावर मांडतो आणि त्यांच्याशीच बोलतो म्हणाला. दिवसभराचं सगळं सांगतो."

प्रभाने पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे पाहिलं. दुसऱ्यांना ओठांवर बोट ठेवायला सांगणारा माणूस स्वतः चार वर्षं त्या तांब्यावर वाकून बोलत होता! तिला रडू यायला हवं होतं बहुतेक, पण तिला राग आला. बोलायचंच होतं तर चमच्याशी बोलायचं. घड्याळाशी बोलायचं.

"आधी नाही का सांगायचं हे?" ती म्हणाली.

"तूच म्हणालीस, बोलू नका."

पुढच्या गुरुवारी ओस्टरटागांचा फोन आला. प्रभाला वाटलं नाण्याचंच असेल, पण त्यांना प्रभा नको होती. पंपाचा कातडी वायसर आणून ठेवलाय, हेर गुरुदत्त शनिवारी येऊ शकतील का? तिने गाडी काढली. ड्रायव्हर म्हणून.

दोघं बाह्या सरसावून बागेत गेले. जाताना ओस्टरटागनी काही न बोलता पेटी आणून तिच्यासमोर ठेवली, भिंग ठेवलं आणि दार लावून घेतलं. घरात कोणी नव्हतं. प्रभाने नाणं काढलं.

पहिल्या खेपेला तिने ठिपके पाहिले होते, आणि ठिपकेच पाहिले होते. आता ती खिडकीशी खुर्ची ओढून बसली. केसांच्या बटा एकेक सुट्ट्या दिसत होत्या, कोणाच्या खिशात कधी घासल्या न गेलेल्या. खोबणीतला लाल रंग उजेड बदलला की आत-बाहेर होत होता. कानाशी ठसा जरा सरकलेला होता, ते तिने आधी कधी पाहिलंच नव्हतं. ठिपके होतेच. ते काही सुंदर वगैरे दिसत नव्हते. काळे, ओंगळ ठिपके होते आणि तिला ते खुपतच होते. पण तिला ते नाणं हवं होतं. किती हवं होतं ते तिला आत्ता, त्या रिकाम्या खोलीत कळलं, आणि ती स्वतःवरच इतकी वैतागली की मोठ्याने "शी!" म्हणणार होती. वेळेवर मान वळवली म्हणून बरं.

ती बागेत गेली. भाऊजी गुडघ्यावर बसून नट आवळत होते. तिने ओस्टरटागना सरळ सांगितलं, "माझं चुकलं. मला ते आवडलंय. ठिपक्यांसकट घेते."

ओस्टरटागनी हात पुसले. "गेल्या शनिवारी दिलं असतं," ते म्हणाले. "तेव्हा मला सगळ्याचाच कंटाळा आला होता. आता नाही. आता राहू दे थोडे दिवस."

"थोडे म्हणजे किती?"

"तुम्ही येत जा. बघत जा. हो, अगदी, पुढच्या महिन्यात या."

"काय म्हणतोय?" भाऊजींनी विचारलं.

"नाही म्हणतोय."

"मग तू नीट विचारलं नसशील. थांब, मी बोलतो त्याच्याशी."

"भाऊजी, नको! प्लीज नको!"

पण ते उठलेच, आणि बोललेच, आणि अर्ध्या तासाने ओस्टरटाग खळखळून हसत होते आणि नाणं तरीही द्यायला तयार नव्हते.

भाऊजी मग लंडनमार्गे घरी गेले. प्रभा दर महिन्याला एका शनिवारी ओडेनवाल्डला जाते. ओस्टरटाग आधी हेर गुरुदत्तांची खुशाली विचारतात, मग दोघं सांगलीला फोन लावतात, आणि तो लवकर संपत नाही. त्यानंतर पेटी निघते. तेवढ्यापुरतं घर शांत असतं.

"मिळालं?" ती घरी आली की कुमार विचारतो.

"विचारू नकोस," प्रभा म्हणते आणि हात धुवायला जाते.